हाफ गोबी, जरा लाल

"अण्णा, ही गोबी न्हवं. लाल कर की जरा."

गाड्यापुढं उभी असलेली पोरगी असेल नऊ-दहा वर्षांची. निळा पिनाफोर, लाल रिबिनी, पाठीवर तिच्या अंगापेक्षा मोठं दप्तर. बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ट्यूशनची एक गल्ली आहे. संध्याकाळी पाचपासून पुढं तिथं दुचाक्यांची आणि दप्तरांची इतकी दाटी होते की चालत जाणाऱ्यालाही अंग चोरावं लागतं. गल्लीच्या तोंडाशीच गोबी मंचुरीचा गाडा. पोरीच्या हातातल्या कागदी डिशमध्ये तपकिरी, जरा काळपट तुकडे होते, वर कांद्याची पात भुरभुरलेली, दोन टूथपिक खोचलेल्या. तिनं एक तुकडा उलटा करून बघितला, दुसरा बघितला आणि डिश परत गाड्यावर ठेवली. गाडेवाला हसत म्हणाला, "कलर बंद केलाय गे सरकारनं. साहेब येतात, दंड घालतात." "मग हिला गोबी कशाला म्हणूलैस?" असं म्हणून तिनं डिश मैत्रिणीच्या हातात दिली, शेजारच्या दुकानातून पाच रुपयांचं नारिंगी पाकीट घेतलं आणि ते दातानं फोडत ट्यूशनचा जिना चढून गेली. मैत्रिणीनं मात्र सगळी गोबी संपवली, वर बोटंही चाटली. मी माझी हाफ गोबी घेऊन तिथंच उभा होतो.

पोरं कारलं ढकलतात, शेपूला नाक मुरडतात, त्यात नवल काही नाही. आम्हीही तेच केलं. पण जो रंग त्या पदार्थात मुळात असायलाच नको होता, तो नाही म्हटल्यावर पोरीला पदार्थच खोटा वाटावा, हे काही डोक्यातून जाईना. तिच्या जिभेनं अजून चव घेतली नव्हती. निवाडा डोळ्यांनीच देऊन टाकला होता.

2024 च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरी आणि गुलाबी कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा आमच्याकडं चार दिवस दुसरा विषय नव्हता. राज्यभरातून गोबीचे 171 नमुने उचलले होते, त्यांतल्या 107 मध्ये नको ते रंग निघाले. म्हातारीच्या केसांचे पंचवीस नमुने, त्यांत पंधरा. रोडामाईन-बी हे नाव तेव्हा गल्लीतल्या पानवाल्यालासुद्धा पाठ झालं. हा रंग कापडाचा, कागदाचा. खाण्यात तो देशात कुठंच चालत नाही, बंदीच्या आधीही चालत नव्हता. दहा लाखांपर्यंत दंड आणि कैद अशी शिक्षा जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी गोबी एकदम तपकिरी दिसू लागली. आमची आत्ती वडगावात दिलेली. तिथं घराघरांत मागाचा खटखटाट, त्यामुळं सुताचे रंग त्या माणसांना आपल्या पोरांइतके ओळखीचे. मला आठवतं, बंदीच्या कितीतरी आधी एकदा आत्तीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, नातवाचा हात धरून उजेडाकडं नेला होता. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांवर गुलाबी छटा बसलेली. साबण लावून झाला होता, राख लावून झाली होती. मामा त्याची बोटं चोळत म्हणाले, "खाण्याचा रंग असा बसत नाही गा. हा धाग्याला धरणारा रंग आहे." आत्ती म्हणाली, "सगळी पोरं खातात, तुम्ही आपलं मागाचं बघा." विषय तिथंच मिटला. सरकारी प्रयोगशाळेला जे कळायला नमुने उचलावे लागले, ते मामांना नखावर कळलं होतं. पण घरात त्यांचं ऐकतंय कोण!

शिनोळीची हद्द ओलांडली की महाराष्ट्र. परवा चंदगडकडून येताना तिकडच्या एका गाड्यावर जुनी लालभडक गोबी बघितली आणि मला हसूच आलं. सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात लोंबकळतोय, आणि इथं गोबीनं आपल्यापुरती हद्द आखून घेतली. बाकी एरवी गाड्यावर हद्द नसते. कन्नड, मराठी, उर्दू, सगळी पोरं एकाच कढईकडं डोळे लावून उभी. पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणारी मोठी माणसंसुद्धा तिथं "हाफ की फुल" एवढंच बोलतात.

आता खरं सांगायचं तर गोबी मला आवडते. ती कशी होते हे बघत उभं राहायलाही आवडतं. फ्लॉवरचे तुरे मैद्याच्या आणि कॉर्नफ्लोअरच्या दाट कालवणात बुडतात, कढईत पडताना तेल एकदम गप्प होतं आणि मग फसफसून वर येतं. एकदा तळून ढीग बाजूला. गिऱ्हाईक आलं की पुन्हा एकदा तळण. मग सपाट कढईत आलं-लसूण, ढबू मिरची, चिरलेला कोबी, तीन बाटल्यांतले तीन सॉस, वरून चिमूटभर पांढरी अजिनोमोटोची पूड, आणि भडकलेल्या जाळावर दोन-तीन झटके. तो करपट, आंबट-गोड वास नाकात शिरला की दिवसभर उद्यमबागेतल्या फौंड्रीत हिशेबाच्या वह्या उपसून आलेला माणूस पाघळतोच. पोरं तर पाघळणारच. कुरकुरीत वरचं आवरण, आत मऊ, मीठ, साखर, तेल एकाच घासात. जन्मभर भाकरी खाऊनही जिभेला असं एका घासात सगळं कधी मिळत नाही.

फक्त रंग गेला म्हणून मन निश्चिंत व्हावं, तसं काही होत नाही. कढईतलं तेल बघा. संध्याकाळी सातच्या पुढं ते गुळाच्या पाकासारखं दाट, गडद झालेलं असतं आणि बुडबुडे फुटायचे सोडून फेस धरतं. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जे तुटकेफुटके घटक साठत जातात, त्यांना पोलर कंपाउंड म्हणतात. ते पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की तेल टाकून द्यायचं, असा नियम देशात 2018 पासून आहे. हे मोजायचं यंत्र मिळतं, हॉटेलवाल्यांकडं असेलही. गाडेवाल्याकडं झारा असतो. आणि तेलाचा डबा काय भावाला पडतो हे घरात फोडणी घालणाऱ्या कुणालाही सांगायला नको. काल उरलेलं तेल आज नव्या तेलात ओतलं जातं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, असं मला वाटतं. म्हणून त्याच्यावर आवाज चढवायला जीभ रेटत नाही.

तरीही खातो. आठवड्यातनं एखादी.

मोठ्या माणसानं आठवड्यातनं एखादी खाणं आणि दहा वर्षांच्या पोरानं रोज संध्याकाळी त्यातलंच काहीतरी खाणं, यात जो फरक आहे तो माझ्या डोळ्यांपुढं आणला माझ्या शाळेतल्या एका दोस्तानं. तो बालरोगतज्ज्ञ आहे, शहरातच त्याचा दवाखाना. एका रविवारी त्याच्याकडं सहज गप्पा मारायला गेलो होतो, तर बाहेर एक आई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन थांबलेली. तक्रार काय, तर मानेवरचा मळ जात नाही. डाळीचं पीठ लावलं, लिंबू चोळलं, जत्रेतून आणलेला दगड घासला, पार सोलवटून निघाली मान, पण काळी ती काळीच. दोस्तानं पोराची कॉलर मागं सारली. मानेच्या वळ्यांत मखमलीसारखी जाड, काळसर कातडी. काखेतही तीच. मग त्यानं वजन घेतलं, कमरेचा घेर टेपनं मोजला आणि रक्त तपासायला लिहून दिलं. आई गोंधळलेली. मळासाठी रक्त कशाला?

ती गेल्यावर त्यानं मला सांगितलं ते असं. मैदा आणि साखर पोटात गेली की रक्तातली साखर भर्रकन चढते, ती उतरवायला स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. हे दिवसातून चार-पाच वेळा, महिनोन्‌महिने, वर आडवंतिडवं सुटणारं पोट, आणि धावणं-खेळणं बंद. हळूहळू शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी सोडतं. रक्तात वाढलेलं ते इन्सुलिनच कातडीच्या पेशींना वाढायला लावतं, मान काळी पडते. साखरेचा रोग अंगात शिरायच्या कितीतरी आधी मान सांगत असते. "आयांना मी घासू नका म्हणतो," तो म्हणाला, "पण पोरगं जाड म्हटलं की बाया रागावतात. खात्यापित्या घरचं आहे म्हणतात." सोनोग्राफीत आता त्याला शाळकरी पोरांच्या यकृतावर चरबी दिसते, शिकत असताना हे दारू पिणाऱ्या बाप्यांचं दुखणं म्हणून वाचलं होतं म्हणे. मुली जाड झाल्या की पाळीही लवकर येते, चौथी-पाचवीतच, आणि मग त्या बिचाऱ्या खेळायच्या वयात ओढणी सावरत बसतात.

त्यानं आणखी एक सांगितलं, आणि ते मला जास्त लागलं. जाड पोरगं निदान दिसतं तरी. खरी फसगत किडकिडीत पोरांत होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात बायकांच्या गरोदरपणापासून पोरांचा माग ठेवला, त्यात दिसलं की आपली बाळं वजनानं विलायती बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण चरबीच्या हिशेबात कमी नाहीत. हाडकुळी आणि तरीही आतून चरबीची. अशा अंगावर पुढं पाकिटांचा आणि तळणाचा मारा झाला की साखर लवकर गाठते. 2016 ते 18 मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली, त्यात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांत दहांतल्या एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. जाड मुलांचं प्रमाण त्याच पाहणीत याच्या निम्मंही नव्हतं. म्हणजे हिशेब घाला, उंबरठ्यावर उभी असलेली बरीचशी पोरं बघणाऱ्याला धडधाकटच दिसणार. आणि दुसऱ्या बाजूला, 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पाच वर्षांखालच्या शंभरांतल्या सदुसष्ट पोरांच्या अंगात रक्त कमी निघालं. ही दोन वेगवेगळ्या घरांतली पोरं नव्हेत. पाच रुपयांच्या पाकिटानं भूक मरते, लोह काही मिळत नाही. पोर सुकत जातं आणि आई म्हणते, खातंय तर सारखं काहीतरी.

सारखं काहीतरी. तेच तर.

आमच्या वेळी शाळा सुटली की भूक घरात यायची. मी हे उगीच गहिवरून सांगत नाही. त्या वेळच्या घरात काय होतं, काय नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. चिरमुरे असायचे, पत्र्याच्या डब्यात, तळाला मऊ पडलेले. त्यावर कच्चं तेल, शेंगाचटणी, कांदा. नाहीतर सकाळची भाकरी, कडक झालेली, तिला तेल आणि कारळ्याची चटणी चोपडून गुंडाळी. रताळ्यांच्या दिवसांत पातेल्यात उकडलेली रताळी, सालीसकट हातात. गरम असायची म्हणून या हातातून त्या हातात फेकत खायची. पश्चिमेकडच्या गावांत एवढं रताळं पिकायचं की बाजारात ट्रकच्या ट्रक भरून उत्तरेकडं जायचे, आणि आमच्या पोटातही तीच. खानापूरच्या आजोळी गेलो की करवंदं, जांभळं, फणसाचे गरे. तळलेलं म्हणजे सण. भजी, शेव, जिलेबी म्हणजे गावची जत्रा. तेलाचा डबा आई उंच फळीवर ठेवायची आणि पळीनं मोजून घालायची. हा काही आरोग्याचा विचार नव्हता, तेल परवडत नव्हतं एवढंच. त्या आहारात दूध नव्हतं, फळ विकतचं कधी नव्हतं, डाळ पातळ. आमच्यातलीही निम्मी पोरं पोटात जंत आणि डोळ्यांखाली फिकट घेऊनच वाढली. पण भाकरीचा तुकडा चावायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात पोट भरल्याचं डोक्याला कळायचं.

हे चावण्याचं माझ्या डोक्यातलं खूळ नाही. 2019 मध्ये अमेरिकेत वीस मोठ्या माणसांना महिनाभर ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं घरगुती धर्तीचं. दोन्हींत साखर, मीठ, चरबी, चोथा समोर मांडताना सारखाच. पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलं. कारखान्याचं खाताना माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली, वजन किलोभर चढलं. आणि घास भराभर गिळत होती. ती तर मोठी माणसं. इथं ट्यूशनच्या घंटेआधी दहा मिनिटांत काहीतरी पोटात ढकलायचं असलेलं पोर आहे. वर सोबत थंड बाटली. पाव लिटर शीतपेयात पंचवीस-सव्वीस ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. हैदराबादच्या पोषण संस्थेनं 2024 मध्ये मोठ्या माणसाला दिवसभरासाठी जेवढी साखर पुरे म्हणून सांगितलं, जवळजवळ तेवढीच, पाच मिनिटांत. प्यायलेली साखर पोट मोजत नाही, जेवताना तेवढं कमी खाल्लं जात नाही.

कडोलीला माझा मावसभाऊ शेती करतो. फ्लॉवर, कोबी, गाजर. तिकडं अगसगे, हंदिगनूरपर्यंत सगळा भाजीचाच पट्टा; पहाटे टेंपो भरून गोव्याला जातात. थंडीत त्याच्या शेतात फ्लॉवर बघण्यासारखा असतो. गड्डा धरू लागला की त्याचंच एक पान मोडून त्याच्यावर टोपी घालतात, उन्हानं पिवळा पडू नये म्हणून. रांगेनं वाकून एकेक पान मोडत जायचं, बायकांच्या कमरेचे काटे ढिले होतात. एवढं कशाला, तर पांढराशुभ्र गड्डा असेल तर भाव चार पैसे बरा. भाव कोसळला की तोही नाही. मग गड्डे बांधावर, म्हशींपुढं. त्याचा पोरगा सुट्टीला आमच्याकडं आला होता. रात्री जेवणात फ्लॉवर-बटाट्याची भाजी बघून त्यानं ताट सरकवलं. मावसभाऊ फोनवर ओरडला, "घरचा माल खाऊन मेला असता काय तो!" दुसऱ्या दिवशी माझा पुतण्या आणि तो मिळून गाड्यावर जाऊन आले, हे सांगायलाच नको. हाफ गोबीला जे पैसे पडतात त्यात कडोलीच्या बांधावर किती गड्डे मिळतील याचा हिशेब मी मनात घालून बघितला आणि गप्प बसलो. मावसभावाला तो सांगून त्याची रात्र कशाला खराब करायची?

शाळांच्या बाबतीत एक गंमत माझ्या ध्यानात आली आहे. गावाकडच्या सरकारी मराठी शाळेतल्या पोराला दुपारी गरम भात-आमटी मिळते, 2013 पासून दूध मिळतं, आणि आता अंडं. अंडं नको असेल त्याला केळं. ज्या शाळा पटसंख्येअभावी बंद पडतायत म्हणून आपण मोर्चे काढतो, त्या शाळेत निदान दुपारचं जेवण तरी जेवणासारखं आहे. शहरात भरमसाट फी भरून घातलेल्या पोराच्या डब्यात मात्र सकाळी सातला घाईत उकळलेले नूडल्स, नाहीतर सॉस लावलेला ब्रेड, नाहीतर बेकरीचा पफ. वाढदिवस असला की वर्गभर केक आणि पाकिटं. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं काही विकायचं नाही, असा देशाचा नियम 2020 साली झाला. नियम चांगला आहे. पण आमच्याकडच्या कुठल्याही शाळेबाहेर उभं राहून पन्नास मीटर मोजायला लागलात तर पाऊल टाकायला जागा गाड्यांमधूनच काढावी लागेल. आणि समजा हटवलेच गाडे, तर ते ट्यूशनच्या गल्लीत येतील. ट्यूशनला फाटक नसतं, त्यामुळं नियमही नसतो. निपाणीच्या बसस्टँडबाहेर बघा, चिकोडीत बघा, खानापुरात बघा, संध्याकाळची गर्दी शाळेपाशी नाहीच, ती क्लासपाशी.

माझं म्हणणं एवढंच आहे की चार ते सातची भूक आता कुणाच्या घरची राहिलेली नाही. पोर साडेतीन-चारला सुटतं, पाचला क्लास, सातला दुसरा क्लास. बाप उद्यमबागेत, आई दुकानात नाहीतर बँकेत नाहीतर शिलाईवर. त्या तीन तासांत पोराला भूक लागतेच, कडकडून लागते, ती काही लबाडी नाही. त्या वेळेला रस्त्यावर जो तवा तापवून उभा आहे, त्याच्या पदरात ती पडते. उपदेशाची पत्रकं छापणारे, शाळेत तक्ते लावणारे, सगळे दुपारचं आणि रात्रीचं ताट रंगवून दाखवतात, अर्धी पालेभाजी, पाव डाळ वगैरे. संध्याकाळी पाचला ते ताट कुठं असतं, कुणी वाढायचं, याबद्दल तक्त्यावर चकार शब्द नाही.

घरात म्हातारी माणसं असली की सगळं सुरळीत होतं, हाही एक गैरसमज. आमच्या घरी आई आहे. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी तिनं दळून खाल्ली आहे, ती पोटात दुखेपर्यंत. नातू "आज्जी, दहा रुपये" म्हणाला की ती पदराची गाठ सोडते. मी एकदा बोललो, तर म्हणाली, "तुला नव्हते रे द्यायला. आता आहेत तर देऊ नको होय?" ह्यावर काय बोलायचं? डॉक्टर दोस्ताच्या तोंडून ऐकलेलं इन्सुलिन मी तिला सांगायला घेतलं, तर तिनं माझ्याच पोटाकडं बघितलं. तिच्या लेखी विकत घेऊन खाणं म्हणजे दैना फिटल्याची खूण. पोराच्या हातात पाकीट आहे, म्हणजे घर वर आलं. भाकरीवर वाढलेल्या पिढीला नातवानं पुन्हा भाकरीच खावी असं का वाटत नाही, हे मला समजतं; आणि त्याच वेळी पुतण्या खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला की माझी नजर त्याच्या कॉलरकडं जाते, तेही खरं.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मी हे सगळं वैनीला सांगितलं. अगदी रंगात येऊन सांगितलं; तेल, मैदा, मान, पुण्याची बाळं. ती पंख्याखाली बसून शेंगा सोलत होती. आठवड्याचे सहा दिवस ती कपड्याच्या दुकानात उभी असते, सुटायला साडेसात वाजतात. सगळं ऐकून घेतलं तिनं, मधे एकदाही अडवलं नाही. मी शेवटाला म्हटलं, पाचला पोराच्या पोटात काहीतरी घरचं जायला पाहिजे, गरम भाकरी, उप्पीट, काही का असेना. ती म्हणाली, "पटलं की. पीठ डब्यात आहे भावजी, तवा खालच्या फळीवर. उद्यापासून तुम्ही पाचला या."

"फौंड्रीतनं सहाच्या आधी निघता येत नाही गे," मी म्हटलं.

"मला तरी कुठं येतंय?" म्हणाली, आणि शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवलं. "निदान हे तरी सोला."